विद्युत अपघटन शिकताना: भार कुठून कुठे जातो ते आधी पाहा

विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने द्रावणातील किंवा वितळलेल्या पदार्थातील घटक वेगळे करणे म्हणजे विद्युत अपघटन, ही व्याख्या नववी-दहावीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. धनाग्रावर ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन सोडणे) आणि ऋणाग्रावर क्षपण (इलेक्ट्रॉन घेणे) होते, हेही सांगता येते. परंतु मिठाच्या पाण्यातून वीज सोडली तर ऋणाग्रावर सोडिअम का जमत नाही, किंवा मोरचुदाच्या द्रावणाचा निळा रंग एका प्रयोगात फिका पडतो आणि दुसऱ्या प्रयोगात तसाच का राहतो, असे विचारले की उत्तर अडते. याचे कारण असे की हा धडा नावे आणि समीकरणे पाठ करून शिकला जातो. विद्युतभार तारेतून आणि द्रावणातून नेमका कसा वाहतो, याकडे लक्ष दिले जात नाही.

या लेखातील प्रत्येक प्रयोग करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. द्रावणात कोणकोणते आयन आहेत? त्यांपैकी कोणते आयन कोणत्या अग्राकडे ओढले जातील? आणि त्या अग्राजवळ जे जे उपस्थित आहे, त्यांपैकी कोणाला इलेक्ट्रॉन देणे किंवा घेणे सर्वांत सोपे आहे? तिसरा प्रश्न बहुतेक जण वगळतात आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

तयारी आणि काही पक्के नियम

साहित्य फार लागत नाही. एक ९ व्होल्टची बॅटरी, १.५ व्होल्टचे एक-दोन विद्युत घट, क्लिपा लावलेल्या तारा, दोन शिसपेन्सिली, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा एक रोध, काचेचे पेले आणि औषधाच्या दुकानात मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी एवढे पुरेसे आहे. शिसपेन्सिलीत शिसे नसून ग्रॅफाइट आणि माती यांचे मिश्रण असते. ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि ते सहजासहजी अभिक्रिया करत नाही, म्हणून अग्र म्हणून ते सोयीचे ठरते.

घरातील विजेच्या बोर्डाचा उपयोग या प्रयोगांसाठी कधीही करू नये. २३० व्होल्ट आणि क्षारयुक्त पाणी यांचा संयोग जीवघेणा आहे. प्रयोग खेळती हवा असलेल्या खोलीत आणि शिक्षक किंवा घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावेत. दोन्ही अग्रे एकमेकांना टेकू देऊ नयेत, कारण तसे झाल्यास बॅटरी तापते. स्टीलचे चमचे अग्र म्हणून वापरू नयेत: स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमिअम असते आणि धनाग्र म्हणून जोडल्यास ते विषारी संयुगांच्या रूपाने पाण्यात उतरू शकते. पाण्याच्या अपघटनासाठी खाण्याचे मीठ वापरण्याचा मोहही टाळावा, कारण त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि तो डोळ्यांना व श्वसनमार्गाला घातक असतो.

पहिली पायरी: कोणत्या द्रावणातून वीज वाहते?

बॅटरी, रोध, एलईडी आणि पेल्यात बुडवलेली दोन पेन्सिलींची टोके एकामागोमाग एक अशी जोडावीत. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन टोकाच्या बाजूला यावा. पेल्यात प्रथम ऊर्ध्वपातित पाणी, नंतर साखरेचे पाणी आणि शेवटी चिमूटभर धुण्याचा सोडा विरघळवलेले पाणी घेऊन पाहावे. पहिल्या दोहोंत एलईडी लागत नाही, तिसऱ्यात लागतो. साखर विरघळली तरी तिचे रेणू अखंडच राहतात आणि त्यांच्यावर भार नसतो. सोड्याचे मात्र पाण्यात विचरण होऊन सोडिअमचे धन आयन आणि कार्बोनेटचे ऋण आयन सुटे होतात.

शुद्ध पाण्यातही आयन असतात, पण किती? साध्या तापमानाला एका लिटरमध्ये हायड्रोजन आयन एका मोलचा एक कोट्यंश इतकेच असतात. म्हणजे सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू विचरण पावलेला असतो. एवढ्या थोड्या वाहकांकडून एलईडी पेटण्याइतका भार वाहिला जात नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉन द्रावणातून पोहत पलीकडे जात नाहीत. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात, द्रावणात आयन वाहतात, आणि एका वाहकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते ते अग्राच्या पृष्ठभागावर. रासायनिक अभिक्रिया घडते तीही त्याच पृष्ठभागावर. हे चित्र मनात पक्के बसले की बाकीचा धडा त्यातूनच उलगडतो.

दुसरी पायरी: पाण्याचे अपघटन

इटलीतील व्होल्टा यांनी १८०० मध्ये आपल्या विद्युत घटाचा शोध पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला आणि त्याच वर्षी निकोल्सन व कार्लाइल या दोघांनी तसा घट तयार करून पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे केले. तोच प्रयोग आता तुम्ही करणार आहात.

प्लॅस्टिकच्या पारदर्शक पेल्याच्या तळाला दोन छिद्रे पाडून त्यांतून पेन्सिलीतील ग्रॅफाइटच्या कांड्या वर काढाव्यात आणि छिद्रे एम-सीलने घट्ट बुजवावीत. एम-सील पूर्ण वाळल्यावर पेल्यात पाणी भरून दोन लहान चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. दोन लहान परीक्षानळ्या याच द्रावणाने काठोकाठ भरून, हवा आत जाऊ न देता, एकेका कांडीवर उपड्या ठेवाव्यात. त्यानंतर खालच्या बाजूने ९ व्होल्टची बॅटरी जोडावी. १.५ व्होल्टचा एकच घट येथे जवळपास निरुपयोगी ठरतो: पाणी फोडण्यासाठी सैद्धांतिकदृष्ट्या किमान १.२३ व्होल्ट लागतात, पण पृष्ठभागावर वायूचे बुडबुडे तयार होण्यासाठी त्याहून बराच जास्त दाब द्यावा लागतो.

काही मिनिटांत ऋणाग्रावरील नळीत जास्त आणि धनाग्रावरील नळीत कमी वायू जमलेला दिसेल. पहिल्या नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की हायड्रोजन ‘फट्’ असा आवाज करून जळतो. दुसऱ्या नळीत धुमसती उदबत्ती नेली की ती अधिक प्रखर होते. हे दोन्ही वायू एकाच भांड्यात कधीही एकत्र साठवू नयेत, कारण ते मिश्रण स्फोटक असते.

आता तिसरा प्रश्न विचारा. ऋणाग्राकडे सोडिअमचे आयन ओढले गेले, मग सोडिअम का मिळाला नाही? कारण सोडिअम हा इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यास अतिशय उत्सुक असा धातू आहे. त्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन परत घ्यायला लावण्यापेक्षा पाण्याच्या रेणूला इलेक्ट्रॉन घ्यायला लावणे कितीतरी सोपे असते. म्हणून पाणी इलेक्ट्रॉन घेते, हायड्रोजन सुटतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतात. हम्फ्री डेव्ही यांनाही पाण्यातील द्रावणांतून सोडिअम किंवा पोटॅशिअम मिळाले नव्हते. १८०७ मध्ये त्यांनी किंचित दमट असा घन कॉस्टिक पोटॅश घेऊन त्यातून प्रवाह सोडला. प्रवाहाने तो पदार्थ वितळला आणि ऋणाग्रावर पोटॅशिअमचे चकाकते थेंब दिसले. अतिक्रियाशील धातू मिळवायचा तर त्याचा क्षार पाण्यात विरघळवून चालत नाही, तो वितळवावा लागतो, हा नियम येथून लक्षात ठेवणे सोपे जाते.

वायूंचे प्रमाण दोनास एक का येते, याचे नेहमीचे उत्तर ‘पाण्याचे सूत्र तसे आहे’ असे असते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. एक हायड्रोजन रेणू तयार होण्यास २ इलेक्ट्रॉन लागतात आणि एक ऑक्सिजन रेणू तयार होताना ४ इलेक्ट्रॉन सुटतात. परिपथ एकच असल्यामुळे जितके इलेक्ट्रॉन ऋणाग्रावर खर्च होतात तितकेच धनाग्रावर सुटले पाहिजेत, म्हणून ४ इलेक्ट्रॉनांमागे हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो. प्रत्यक्षात ऑक्सिजन निम्म्याहूनही थोडा कमी भरेल. त्यातील काही भाग ग्रॅफाइटशी अभिक्रिया करतो आणि काही पाण्यात विरघळतो; कांडी झिजून द्रावणात काळे कण दिसतात ते यामुळेच. आलेले मोजमाप जसेच्या तसे वहीत लिहावे आणि त्याखाली हे कारण नोंदवावे. आकडे ओढूनताणून दोनास एक करण्यापेक्षा अशी नोंद मला कितीतरी मोलाची वाटते.

तिसरी पायरी: अदृश्य आयन रंगाने पाहणे

लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून त्यांचा अर्क काढावा. हा अर्क आम्लात गडद गुलाबी-लाल आणि आम्लारीत हिरवा होतो. ऊर्ध्वपातित पाण्यात एक चमचा एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशिअम सल्फेट, विरघळवून त्यात हा अर्क मिसळावा आणि पसरट बशीत दोन पेन्सिली दूर दूर ठेवून ९ व्होल्टची बॅटरी जोडावी. थोड्याच वेळात ऋणाग्राभोवती हिरवा आणि धनाग्राभोवती लालसर पट्टा उमटतो, कारण एकीकडे हायड्रॉक्साइड आयन आणि दुसरीकडे हायड्रोजन आयन तयार होत असतात. जास्वंद नसेल तर हळदीचे पाणी घ्यावे. ते ऋणाग्राजवळ तांबूस होते, पण आम्लाच्या बाजूला पिवळेच राहत असल्याने अर्धीच गोष्ट सांगते.

बॅटरी काढून द्रावण सावकाश ढवळले की मूळ रंग बराचसा परत येतो. दोन्ही प्रकारचे आयन सारख्याच संख्येने तयार झाले होते, याचा इतका सरळ पुरावा दुसऱ्या कोणत्याही शालेय प्रयोगात मिळत नाही.

चौथी पायरी: मोरचूद आणि तांबे

मोरचूद म्हणजे स्फटिकजल असलेले कॉपर सल्फेट. नाशिकच्या द्राक्षबागांत आणि कोकण-गोव्याच्या पोफळीच्या बागांत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी ते वापरले जाते, त्यामुळे कृषी सेवा केंद्रातही मिळते. तरी प्रयोगासाठी ते शाळेच्या प्रयोगशाळेतून घेणे चांगले. ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सुमारे ५ ग्रॅम मोरचूद विरघळवावे. तांब्याच्या दोन पट्ट्या, तांब्याची भांडी घासतो तशा, चिंच किंवा लिंबू-मीठ लावून लख्ख कराव्यात, स्वच्छ धुऊन वाळवाव्यात आणि प्रत्येकीचे वजन नोंदवावे. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा येथे लागतो.

या वेळी ९ व्होल्टची बॅटरी वापरू नये, १.५ व्होल्टचा घट पुरतो. प्रवाह फार वाढला की अग्राजवळचे तांब्याचे आयन संपत जातात, मागून येणारे आयन तेवढ्या वेगाने पोहोचत नाहीत आणि चकचकीत थराऐवजी गडद, भुसभुशीत, हात लावताच गळणारा थर जमतो. मुलामा देण्याच्या कामात प्रवाह सावकाश ठेवण्यावर भर असतो, तो याच कारणाने.

अर्ध्या तासाने ऋणाग्राची पट्टी जड आणि धनाग्राची पट्टी हलकी झालेली आढळेल, पण द्रावणाचा निळा रंग बदललेला नसेल. धनाग्रापाशी सल्फेट आयन आहेत, पाणी आहे आणि स्वतः तांब्याची पट्टीही आहे. या तिघांत इलेक्ट्रॉन देणे तांब्याला सर्वांत सोपे असल्यामुळे पट्टीच विरघळू लागते. तांब्याचा अणू → तांब्याचा आयन + २ इलेक्ट्रॉन, ही अभिक्रिया धनाग्रावर आणि तिच्या नेमकी उलट अभिक्रिया ऋणाग्रावर होते. जितके आयन द्रावणात येतात तितकेच निघून जातात. हाच प्रयोग दोन्ही अग्रे ग्रॅफाइटची ठेवून आणि जास्त व्होल्टचा पुरवठा घेऊन केला तर धनाग्रावर विरघळायला तांबेच नसते. मग पाणी इलेक्ट्रॉन देते, ऑक्सिजन सुटतो, तांब्याचे आयन मात्र कमी होत जातात आणि रंग फिका पडतो. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

तांब्याच्या शुद्धीकरणातही हेच तत्त्व वापरतात. अशुद्ध तांब्याचे धनाग्र विरघळते, शुद्ध तांबे ऋणाग्रावर जमते, आणि सोने-चांदीसारखे कमी क्रियाशील धातू न विरघळता तळाशी गाळ होऊन बसतात.

लोखंडी खिळ्यावर तांबे चढवून पाहण्याची हौस अनेकांना असते. पण लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने खिळा द्रावणात बुडताच, बॅटरी जोडण्याआधीच, त्यावर तांब्याचा सैल थर येतो. ते विस्थापन आहे, विद्युत विलेपन, म्हणजे विजेच्या साहाय्याने मुलामा देणे, नव्हे. सोन्याचे पाणी दिलेले दागिने मात्र सहसा विद्युत विलेपनानेच तयार होतात. पितळी भांड्यांची कल्हई यांपैकी कशातच मोडत नाही. तापवलेल्या भांड्याला नवसागर लावून त्यावर कथील वितळवून पसरवतात आणि तिथे विद्युतप्रवाहाचा संबंधच नसतो.

घरोघरी पाणी शुद्धीकरण यंत्रे विकायला येणारे काही विक्रेते एक ‘चाचणी’ दाखवतात. नळाचे पाणी एका पेल्यात, यंत्रातील पाणी दुसऱ्यात; दोहोंत धातूच्या सळ्या बुडवून वीज सोडली की नळाचे पाणी तपकिरी गढूळ होते आणि दुसरे स्वच्छ राहते. आता तीन प्रश्न विचारून पाहा. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असल्याने त्यातून प्रवाह वाहतो, लोखंडी धनाग्र विरघळते आणि लोहाच्या हायड्रॉक्साइडचा गाळ दिसू लागतो. यंत्रातील पाण्यात आयन फार थोडे असल्याने प्रवाहच नगण्य असतो. गाळ मुख्यतः सळईतून आलेला असतो. त्यावरून पाणी पिण्यास अयोग्य आहे असे सिद्ध होत नाही. ही चाचणी घरच्या विजेवर चालत असल्याने ती स्वतः करून पाहू नये.

पाचवी पायरी: किती जमले, याचा हिशेब

प्रवाहाने किती पदार्थ जमतो हे मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकात मोजून दाखवले: जमलेले वस्तुमान वाहिलेल्या विद्युतभाराच्या प्रमाणात असते. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार सुमारे ९६,५०० कूलोम असतो. समजा, मल्टिमीटरवर प्रवाह ०.२ अँपिअर दिसला आणि तो ३० मिनिटे, म्हणजे १,८०० सेकंद, स्थिर राहिला. वाहिलेला भार ०.२ × १,८०० = ३६० कूलोम. त्याला ९६,५०० ने भागले की इलेक्ट्रॉनांचे सुमारे ०.००३७३ मोल मिळतात. तांब्याच्या प्रत्येक अणूला २ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून तांब्याचे ०.००१८७ मोल, ६३.५ ने गुणले की सुमारे ०.१२ ग्रॅम. काट्यावर एवढीच वाढ दिसायला हवी. कमी दिसली तर थर धुताना गळला का, प्रवाह मध्येच घटला का, हे तपासावे.

हाच हिशेब ॲल्युमिनिअमला लावला तर एका मोठ्या उद्योगाचे अर्थशास्त्र उलगडते. प्रत्येक अणूला ३ इलेक्ट्रॉन लागतात आणि मोलचे वस्तुमान फक्त २७ ग्रॅम, त्यामुळे एक किलो धातूसाठी १ कोटी कूलोमहून अधिक भार वाहावा लागतो. बॉक्साइटपासून मिळणारे ॲल्युमिना २००० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू यांनी स्वतंत्रपणे ते वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवून सुमारे ९५० अंशांवर अपघटन करण्याची रीत शोधली. तरीही एका किलोमागे साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांत बॉक्साइट सापडते, पण ॲल्युमिनिअमचे कारखाने कोरबा, रेणुकूट, अंगुल अशा मुबलक वीजनिर्मितीच्या ठिकाणी उभे राहिले, ते या गरजेमुळेच.

सहावी पायरी: उलटा प्रवास

एका लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा थर दिलेला स्क्रू एकमेकांना न टेकवता खोचून मल्टिमीटर लावला, तर सुमारे ०.९ व्होल्ट दिसतात. येथे आपण वीज दिलेली नाही. अभिक्रियाच वीज देत आहे. जस्त इलेक्ट्रॉन सोडून विरघळते, ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात आणि तिथे लिंबाच्या रसातील हायड्रोजन आयन ते घेतात. ऑक्सिडीकरण जस्तावर होते, पण जस्त हे घटाचे ऋण टोक असते. विद्युत अपघटनात ऑक्सिडीकरण धन अग्रावर झाले होते, घटात ते ऋण टोकावर होते. परीक्षेत सर्वाधिक गोंधळ येथेच उडतो. म्हणून धन-ऋण चिन्हावरून निष्कर्ष काढू नये; इलेक्ट्रॉन कोण सोडत आहे, हे पाहावे.

इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीत हे दोन्ही प्रवास आळीपाळीने होतात: वीज गेली की ती घट म्हणून काम करते आणि वीज आली की चार्ज होताना तिच्यात विद्युत अपघटन चालते. चार्जिंगच्या शेवटी प्रवाहाचा काही भाग पाण्याचेही अपघटन करतो. म्हणूनच अशा बॅटरीत अधूनमधून ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते आणि ती हवेशीर जागी, ज्योत व ठिणगीपासून दूर ठेवावी लागते.

प्रयोगानंतरची आवराआवर

सोड्याचे आणि एप्सम सॉल्टचे द्रावण भरपूर पाण्यासोबत मोरीत ओतता येते. मोरचुदाचे द्रावण मात्र मोरीत, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये, कारण तांब्याचे आयन मासे आणि शेवाळ यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. ते नाव व तारीख लिहिलेल्या बाटलीत भरून शाळेच्या प्रयोगशाळेत परत द्यावे. गाळून घेतल्यास पुढच्या तुकडीला तेच द्रावण पुन्हा वापरता येते. तांब्याच्या पट्ट्या धुऊन वाळवून ठेवाव्यात, पेन्सिलीच्या झिजलेल्या कांड्या टाकून द्याव्यात, आणि हात साबणाने धुतल्यावरच वही उघडून निरीक्षणे पूर्ण करावीत.